तीन मतं द्या, नाहीतर एकही धरणार नाही: टांगानिकाची १९५८ची निवडणूक

२०१७ साली पुण्यात महापालिकेचं मतदान होतं. रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. आत गेल्या, यंत्रांसमोर उभ्या राहिल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, “चारही दाबायची का? मला तर एकालाच द्यायचंय.” प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा होत्या आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. टेबलावरच्या बाईंनी समजावलं, एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ दाबा. आजींनी मत दिलं आणि बाहेर येताना त्या पुटपुटल्या, “ज्याचं तोंडही पाहिलं नाही, त्याला कशाला मत द्यायचं?”

त्यांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे पूर्व आफ्रिकेचा इतिहास वाचताना तो पुन्हा भेटला. १९५८ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, एका अख्ख्या राजकीय पक्षापुढे हाच पेच होता. तिथे ‘नोटा’ नव्हता. मतपत्रिकेवर तीन मतं द्यायची होती: एक आफ्रिकी उमेदवाराला, एक आशियाई उमेदवाराला, एक युरोपीय उमेदवाराला. तीनपैकी एक जरी राहिलं तरी पूर्ण मतपत्रिका बाद. स्वाहिली भाषेत या पद्धतीला लोक ‘कुरा तातू’ म्हणत. कुरा म्हणजे मत आणि तातू म्हणजे तीन.

टांझानिया पुन्हा बातम्यांत आला तो २९ ऑक्टोबर २०२५च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना जवळपास ९८ टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं. मतदानाच्या दिवशीच निदर्शनं पेटली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ९८ टक्के हा आकडा वाचून अनेकांनी विचारलं, असं कुठे होतं का? त्या देशाच्या पहिल्या निवडणुकीपासून गोष्ट वाचली तर हा आकडा कुठून आला हे बरंचसं उमगतं. म्हणून आज ती पहिली निवडणूक नीट समजून घेऊ.

## वसाहत होती, पण कागदावर नाही

पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख जर्मनीकडे होता. जर्मनी हरल्यावर राष्ट्रसंघाने तो ब्रिटनच्या हवाली केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ‘विश्वस्त प्रदेश’ झाला. विश्वस्त म्हणजे काय, हे आपल्याला देवस्थानाच्या ट्रस्टवरून कळतं: मालमत्ता देवाची, किल्ल्या विश्वस्तांच्या कंबरेला, आणि हिशेब कुणालातरी दाखवावा लागतो. इथे किल्ल्या इंग्रजांकडे होत्या आणि हिशेब न्यूयॉर्कला द्यायचा होता. संयुक्त राष्ट्रांचं पथक अधूनमधून पाहणीला यायचं. १९५४ साली आलेल्या पथकाने सुचवलं की हा देश वीस-पंचवीस वर्षांत स्वतंत्र होऊ शकेल. त्यावर ब्रिटिश अधिकारी चांगलेच नाराज झाले होते.

बाकी कारभार कुठल्याही ब्रिटिश वसाहतीसारखाच. वर गव्हर्नर, त्याच्या हाताखाली कायदेमंडळ. हे कायदेमंडळ १९२६ साली सुरू झालं, पण त्यात निवडून आलेला कुणी नव्हता, सगळे गव्हर्नरने नेमलेले. पहिल्यापासून त्यात काही आशियाई होते. आफ्रिकी माणूस मात्र १९४५ सालापर्यंत एकही नव्हता. देश ज्यांचा, त्यांना स्वतःच्या देशाच्या सभागृहात खुर्ची मिळायला एकोणीस वर्षं लागली, आणि मिळाली तीही दोन मुखियांना.

## ‘समसमान’ या शब्दामागचं गणित

१९५५ साली गव्हर्नर एडवर्ड ट्वायनिंग यांनी कायदेमंडळाची फेररचना केली. सरकारी बाजू सोडून उरलेल्या तीस जागा तीन समाजांत सारख्या वाटल्या: दहा आफ्रिकी, दहा आशियाई, दहा युरोपीय. याला नाव दिलं समसमान प्रतिनिधित्व. शब्द ऐकायला किती न्याय्य वाटतो!

आता १९५७च्या जनगणनेचे आकडे बघा. आफ्रिकी लोक सुमारे ८७ लाख. भारत-पाकिस्तानातून आलेले सुमारे ७२ हजार आणि त्यांच्यापासून वेगळे मोजलेले गोवेकर पाच हजारांच्या आत. युरोपीय सुमारे साडेवीस हजार. म्हणजे युरोपीयांच्या दर दोन हजार माणसांमागे एक प्रतिनिधी आणि आफ्रिकींच्या दर पावणेनऊ लाखांमागे एक. एका गोऱ्या माणसाचं वजन चारशेहून जास्त काळ्या माणसांइतकं.

एका घरात आजोबा, सून आणि नातू आहेत म्हणून भाकरीचे तीन सारखे तुकडे करणं वेगळं. एका पंगतीत तीन माणसं आणि दुसऱ्या पंगतीत तेराशे माणसं बसवून दोन्हीकडे एकएक टोपलं भाकरी ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला समसमान म्हणणं ही शब्दाचीच फसवणूक आहे, आणि ती फसवणूक त्या काळी अगदी गंभीर चेहऱ्याने अधिकृत कागदांत लिहिली गेली.

## मत कुणाला होतं?

१९५८ साली ठरलं की या तीस जागा आता नेमणुकीने न भरता निवडणुकीने भरायच्या. देशाचे दहा मतदारसंघ, प्रत्येकात तीन जागा. पाच मतदारसंघांत सप्टेंबर १९५८ मध्ये मतदान, उरलेल्या पाचांत फेब्रुवारी १९५९ मध्ये.

मतदार होण्यासाठी वय २१ पूर्ण हवं आणि शिवाय एखादी पात्रता हवी: वर्षाला १५० पौंड उत्पन्न, किंवा आठ वर्षांचं शालेय शिक्षण, किंवा मुखियासारखं ठरावीक पद. तिथला बहुसंख्य माणूस शेतकरी, स्वतःच्या शेतात पिकवून खाणारा. त्याच्या हातात रोकड येणार कॉफी, कापूस विकल्यावर तेवढीच. १५० पौंड म्हणजे तिथले तीन हजार शिलिंग, ही रक्कम त्याच्या स्वप्नातही नव्हती. आठवीपर्यंत शाळा पोहोचलेली गावं थोडी, आणि त्या शाळेत मुली आणखी थोड्या. सगळं मिळून नाव नोंदवलेले मतदार झाले साठ हजारांच्या आसपास. पाऊण कोटीहून मोठ्या देशात साठ हजार.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत इतर वसाहतींहून वेगळी होती आणि पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. मतदारयादी एकच होती. शेजारच्या केनियात तसं नव्हतं. तिथे युरोपीयांची यादी वेगळी, भारतीयांची वेगळी, आणि मार्च १९५७ मध्ये आफ्रिकींनी पहिल्यांदा आठ प्रतिनिधी निवडले तेही आपल्या वेगळ्या यादीतून. १९०९ सालच्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी आपल्याकडे मुस्लिमांसाठी जे विभक्त मतदारसंघ आणले, त्याच जातीचा हा प्रकार. टांगानिकात सगळे एकाच यादीत होते, फक्त प्रत्येकाच्या हातात तीन मतं दिली होती आणि ती तीन रंगांत वाटायची सक्ती होती.

## इंग्रजांचा हिशेब

सक्ती का? ट्वायनिंग आणि त्यांच्या सल्लागारांचा विचार असा: आफ्रिकी मतदाराला गोऱ्या उमेदवारालाही मत द्यावंच लागलं, तर तो ‘आपल्यातला’ म्हणून आक्रमक माणूस निवडणार नाही. तिन्ही समाजांना चालेल असा मवाळ माणूस निवडेल. तिन्ही समाजांना सोबत घेणारा पक्षच जिंकेल. असा पक्ष गव्हर्नरच्या आशीर्वादाने १९५६ साली उभाही राहिला: युनायटेड टांगानिका पार्टी. त्यात गोरे मळेवाले होते, आशियाई व्यापारी होते, काही आफ्रिकी मुखिये होते.

समोर होती टानू, म्हणजे टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन. ७ जुलै १९५४ रोजी स्थापन झालेली, नेतृत्व ज्युलियस न्येरेरे यांच्याकडे. न्येरेरे पेशाने शिक्षक, म्हणून देशभर ते ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, याच नावाने ओळखले जात. टानूचं सभासदत्व तेव्हा फक्त आफ्रिकींना होतं. १९५३च्या सरकारी परिपत्रकाने नोकरदारांना राजकीय संघटनेत जायला बंदी केली होती. म्हणजे जो कारकून किंवा शाळामास्तर शिक्षणाच्या अटीत बसून मतदार होणार, त्याला टानूचा सभासद मात्र होता येत नव्हतं. व्हिक्टोरिया सरोवराकडच्या प्रांतात तर टानूच्या शाखाच काही वर्षं बंद ठेवल्या होत्या.

अशा वेळी टानूला तीन मतांच्या निवडणुकीत उतरायचं म्हणजे आपल्याच कार्यकर्त्यांना सांगायचं, तुमच्या तीन मतांपैकी दोन मतं परक्यांना द्या. आजींचा प्रश्न पुन्हा आला. ज्यांच्याविरुद्ध लढायचं, त्यांनाच मत कसं द्यायचं?

## ताबोरा, जानेवारी १९५८

ताबोरा हे देशाच्या मधोमध, रेल्वेच्या फाट्यावरचं गाव. न्येरेरे तिथेच शिकले आणि पुढे तिथे मास्तरकीही केली. टानूची वार्षिक परिषद तिथे भरली तेव्हा सभागृहातली हवा बहिष्काराची होती. समसमान पद्धत अन्यायाची, उत्पन्नाची अट अन्यायाची, तीन मतांची सक्ती तर अपमानाचीच, असं बहुतेकांचं म्हणणं. आणि ते खरंच होतं.

न्येरेरे यांनी यातलं काहीही नाकारलं नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. आपण बाहेर बसलो तर निवडणूक थांबणार नाही. युनायटेड टांगानिका पार्टी तीसही जागा घेईल आणि उद्या सरकार जगाला सांगेल, पहा, हेच या देशाचे निवडून आलेले प्रतिनिधी. मग आपण कुणाशी आणि कोणत्या तोंडाने बोलणार? दिवसचे दिवस वाद झाला. शेवटी परिषदेने निवडणूक लढवायचं ठरवलं, आणि सोबत स्वराज्याची कालबद्ध मागणी ठेवली. टांझानियाच्या इतिहासात हा ठराव ‘उआमुझी वा बुसारा’ म्हणून ओळखला जातो. उआमुझी म्हणजे निर्णय आणि बुसारा म्हणजे शहाणपण, सारासार विचार.

हा निर्णय सगळ्यांना पटला नाही. टानूचे एक धडाडीचे संघटक झुबेरी म्तेम्वू बाहेर पडले आणि त्यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस नावाचा पक्ष काढला. त्यांची भूमिका सरळ होती, आफ्रिका आफ्रिकींसाठी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

## हिशेब उलटला कसा

आता मुख्य गोष्ट. कागद-पेन्सिल घ्या.

समजा एक गृहनिर्माण सोसायटी आहे, तीन इमारतींची. ‘अ’ इमारतीत ६० घरं, ‘ब’मध्ये २८, ‘क’मध्ये १२. ‘क’ इमारतीत बिल्डरचे नातेवाईक राहतात. कमिटीत प्रत्येक इमारतीचा एकच प्रतिनिधी, असा नियम बिल्डरने करून घेतला. इथवर फायदा ‘क’चाच. १२ घरांना ६० घरांइतकंच वजन. पण वर त्याने आणखी एक नियम केला: प्रत्येक घराने तिन्ही इमारतींच्या उमेदवारांना मत द्यायचं. त्याला वाटलं, यामुळे ‘अ’ इमारतीतला भांडखोर माणूस पडेल, कारण त्याला ‘ब’ आणि ‘क’ची मतं मिळणार नाहीत.

मतमोजणीत काय होईल? ‘क’च्या १२ घरांनी बिल्डरच्या पॅनेलला मत दिलं. ‘ब’ इमारत निम्मी-निम्मी फुटली, त्यांची १४ मतं पॅनेलला. पॅनेलची झाली २६. ‘अ’ची ६० घरं एकजुटीने दुसऱ्या बाजूला, अधिक ‘ब’ची उरलेली १४. एकूण ७४. आणि हे ७४ फक्त ‘अ’च्या जागेवर नाहीत, तिन्ही जागांवर आहेत! ‘क’ इमारतीचा प्रतिनिधी कोण, हे आता ‘अ’ इमारत ठरवते. वेगवेगळ्या याद्या असत्या तर ‘क’च्या बारा घरांनी आपला माणूस बिनधास्त निवडला असता. बिल्डरच्या दुसऱ्या नियमाने पहिल्या नियमाचा फायदा खाऊन टाकला.

टांगानिकात नेमकं हेच झालं. अटी कडक असूनही बहुतेक मतदारसंघांत यादीवर आफ्रिकी मतदारच जास्त होते. टानूने आफ्रिकी जागांवर आपले उमेदवार दिले आणि आशियाई व युरोपीय जागांवर आपल्या मागणीला साथ देणाऱ्यांना पाठिंबा दिला. आशियाई असोसिएशन टानूच्या बाजूने होतीच. उत्तर प्रांतातून युरोपीय जागेवर डेरेक ब्राइससन आणि आशियाई जागेवर सोफिया मुस्तफा निवडून आल्या. अमीर जमाल आशियाई जागेवर निवडून आले आणि पुढे अनेक वर्षं देशाचे अर्थमंत्री राहिले. न्येरेरे स्वतः पूर्व प्रांतातून जिंकले. गोऱ्या उमेदवाराला निवडून यायचं तर आता गव्हर्नरच्या बंगल्यावर जाऊन उपयोग नव्हता, टानूच्या कचेरीत जावं लागत होतं.

युनायटेड टांगानिका पार्टी सपशेल आडवी झाली. म्तेम्वूंच्या पक्षाच्याही हाती काही लागलं नाही. दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी १९५९ मध्ये, बऱ्याच जागांवर टानूच्या बाजूचे उमेदवार बिनविरोधच निवडून आले.

याच काळातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. पहिल्या टप्प्याच्या तोंडावर न्येरेरे यांच्यावर बदनामीचा खटला चालला. टानूच्या पत्रकात त्यांनी दोन जिल्हाधिकाऱ्यांवर टीका केली होती. शिक्षा झाली: तीन हजार शिलिंग दंड किंवा सहा महिने तुरुंग. तीन हजार शिलिंग म्हणजे १५० पौंड. मतदार व्हायला वर्षाला जितकं उत्पन्न लागत होतं, बरोबर तितकीच रक्कम. तुरुंगात गेले असते तर हुतात्मा झाले असते आणि गावोगाव भडका उडाला असता. पण ताबोराला निवडणुकीची बाजू मांडलेल्या माणसाने निवडणुकीच्याच वेळी रस्त्यावर आग लागू दिली नाही. त्यांनी दंड भरला.

## जिंकून काय मिळालं? बहुमत तर सरकारचंच होतं

शंका रास्त आहे. कायदेमंडळात गव्हर्नरने नेमलेली सरकारी बाजू संख्येने मोठीच ठेवली होती. तीसच्या तीस जागा जिंकूनही टानूला एक कायदा स्वतःच्या बळावर करता आला नसता.

पण इंग्रजांचा युक्तिवाद कोसळला. ‘टानू म्हणजे मूठभर चिथावणीखोर, खरा देश आमच्या मवाळ पक्षाबरोबर’, हे आता कुणाला सांगणार? त्यांच्याच नियमांनी, त्यांच्याच यादीवर, शिकल्या-सवरलेल्या आणि कमावत्या मतदारांनी निकाल दिला होता. ट्वायनिंग यांच्या जागी १९५८च्या मध्यावर आलेले नवे गव्हर्नर रिचर्ड टर्नबुल यांनी परिस्थिती ओळखली. ऑक्टोबर १९५८ मध्येच, म्हणजे दुसरा टप्पा व्हायच्या आधी, त्यांनी जाहीर केलं की समसमान पद्धत कायमची नाही. तिन्ही समाजांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी न्येरेरे यांच्या नेतृत्वाखाली एकत्र गट केला आणि सरकारवर दबाव ठेवला.

मग गाडी वेगाने सुटली. ऑगस्ट १९६०च्या निवडणुकीत उत्पन्नाची अट निम्म्यावर आली आणि इंग्रजी किंवा स्वाहिली लिहिता-वाचता येणं पुरेसं ठरलं. साठ हजारांवरून मतदार गेले जवळपास नऊ लाखांवर. जागा ७१: त्यातल्या ५० सगळ्यांसाठी खुल्या, ११ आशियाईंसाठी आणि १० युरोपीयांसाठी राखीव. टानूला ७० जागा मिळाल्या. त्यातल्या बहुसंख्य जागांवर मतदानाचीच वेळ आली नाही, कारण समोर कुणी उभंच नव्हतं. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने वीस-पंचवीस वर्षं म्हटलं होतं, लागली सात. त्यानंतर दहाच दिवसांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. दारेसलाम या तेव्हाच्या राजधानीतल्या गोवेकरांनी एकाच महिन्यात आपल्या दोन्ही घरांवरचे झेंडे बदललेले पाहिले.

## मग ते गोरे आणि आशियाई प्रतिनिधी खरे कुणाचे?

हा आक्षेप सगळ्यात अवघड आहे आणि मराठी वाचकाला तो नवा नाही. जागा युरोपीयांची, पण निवडणारे मुख्यतः आफ्रिकी, तर निवडून आलेला माणूस युरोपीयांचा प्रतिनिधी कसा?

१९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला तेव्हा डॉ. आंबेडकरांसमोर हाच प्रश्न होता. विभक्त मतदारसंघ सोडून राखीव जागा स्वीकारल्या, तर दलितांचा प्रतिनिधी शेवटी बहुसंख्य सवर्णांच्या पसंतीचाच निघेल, ही त्यांची भीती होती. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात, जिथे एक जागा राखीव होती आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, तिथे बाबासाहेब स्वतः पडले. बहुसंख्यांच्या मतांवर राखीव जागा कशी ठरते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार!

यंत्र तेच आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण ते यंत्र कुणासाठी चालवलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दलितांना राखीव जागा हव्या होत्या, कारण शतकानुशतकं त्यांचा आवाजच दाबला गेला होता. टांगानिकातल्या युरोपीयांना समसमान जागा मिळाल्या, कारण सत्ता त्यांच्याकडे होती आणि ती सोडायची नव्हती. एकाला छत्री पावसासाठी हवी होती, दुसऱ्याने ती दुसऱ्याच्या डोक्यावरून ओढून घेतली होती.

आणि निवडून आलेली माणसं बाहुली होती का? ऑक्टोबर १९६१ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावर वाद झाला. टानूतल्याच काहींनी मागणी केली, नागरिकत्व फक्त आफ्रिकींना द्या. न्येरेरे त्यावर कडाडले. कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरणार असेल तर आपण पद सोडू, असं त्यांनी सांगितलं आणि तो वंशाधारित कायदा होऊ दिला नाही. मला वाटतं, तीन वर्षं तिन्ही रंगांची माणसं एका बाकावर बसून इंग्रजांशी भांडली नसती तर त्या दिवशी त्या बाकावरून हा आवाज इतक्या ताकदीने उठला नसता. पुढे १९७१ साली मोठ्या इमारती सरकारजमा झाल्या, पुष्कळ आशियाई देश सोडून गेले, त्यात गोवेकरही होते. त्यांच्या वेदनेवर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्यांना नागरिकत्व नाकारून हाकललं नव्हतं. शेजारच्या युगांडात १९७२ साली इदी अमीनने आशियाईंना देशाबाहेर हाकललं, ते आठवलं की हा फरक कळतो.

## या विजयाची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल, किती सुंदर गोष्ट! सुंदर आहेच. पण १९५८-५९च्या त्या विजयात एक धोका दडला होता, आणि तो न सांगता लेख संपवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

तीन मतांच्या सक्तीने टानूला एक सवय लावली: पूर्ण पॅनेल जिंकायची. विरोधक असा उरलाच नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली निवडणूक झाली. न्येरेरे यांच्यासमोर एकच उमेदवार होता, ताबोराहून रुसून गेलेले झुबेरी म्तेम्वू. त्यांना मिळाली २१ हजारांच्या आसपास मतं. न्येरेरे यांना ९८ टक्के. त्या वेळी हा आकडा खरा होता. लोकांचं त्यांच्यावर तितकं प्रेम होतं.

१९६५ साली राज्यघटनेनेच देश एकपक्षीय केला. न्येरेरे यांचं म्हणणं होतं की सगळा देश एकाच पक्षात असेल तर निवडणुका अर्थहीन होतात, म्हणून निवड पक्षाच्या आत हवी. त्यांनी ती खरोखर दिलीही. प्रत्येक मतदारसंघात टानूचेच दोन उमेदवार समोरासमोर, एकाचं चिन्ह कुदळ, दुसऱ्याचं घर. कुदळ की घर, यावर लोकांनी बसलेल्या आमदारांना आणि मंत्र्यांनाही घरी पाठवलं. आपल्याकडच्या कित्येक निवडणुकांपेक्षा त्या चुरशीच्या होत्या, असं म्हणायला मी कचरणार नाही. पण कुदळ आणि घर दोन्ही नको असतील, तर तिसरी खूण मतपत्रिकेवर नव्हती.

१९७७ मध्ये टानू आणि टांझानियातल्याच झांझिबार बेटांवरचा सत्ताधारी पक्ष एकत्र होऊन चामा चा मापिंदुझी, म्हणजे सीसीएम, हा पक्ष झाला. १९९२ मध्ये इतर पक्षांना परवानगी मिळाली आणि १९९५ पासून बहुपक्षीय निवडणुका होत आहेत. सत्ता सीसीएमकडेच आहे. २०२५ मध्ये मतपत्रिकेवर छोट्या पक्षांचे बरेच उमेदवार होते. सगळ्यात मोठा विरोधी पक्ष चाडेमा त्यावर नव्हता. त्याचे नेते तुंडू लिसू राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते.